डोनाल्डहून विंडरमिअरला: पळवून नेलेल्या एका लाकडी चर्चचं प्रकरण

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, कोलंबिया नदीच्या अगदी वरच्या खोऱ्यात विंडरमिअर नावाचं छोटं गाव आहे. तिथलं सेंट पीटर्स हे अँग्लिकन चर्च आसपासच्या मुलखात ‘चोरलेलं चर्च’ म्हणूनच ओळखलं जातं. तिथून उत्तरेला, रस्त्याने सुमारे १२० किलोमीटरवर, गोल्डन हे रेल्वेचं गाव लागतं. गोल्डनच्या सेंट पॉल्स चर्चमधल्या घंटेला लोक ‘चोरलेली घंटा’ म्हणतात. ही घंटा मूळची त्या चोरलेल्या चर्चचीच. म्हणजे चोरावर मोर.

गंमत म्हणून हा किस्सा पर्यटकांना बरेचदा सांगितला जातो. अख्खं चर्च उचलून नेणं मुळात शक्य कसं झालं, हा भाग मात्र त्यात सुटतो. याचं उत्तर तीन ठिकाणी शोधावं लागतं: लाकडाच्या जोडणीत, रेल्वेच्या एका निर्णयात आणि शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या मालकात.

डोनाल्ड: रेल्वेच्या शब्दावर उभं राहिलेलं गाव

चर्च मूळचं डोनाल्डचं. गोल्डनच्या वायव्येला सुमारे २७ किलोमीटरवर, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे जिथे पूर्वेकडून येताना कोलंबिया नदी पहिल्यांदा ओलांडते, तिथे हे गाव वसलं. नाव पडलं कंपनीचे एक संचालक डोनाल्ड स्मिथ यांच्यावरून. ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाची इथे या मार्गाचा शेवटचा खिळा ठोकला तो त्यांनीच.

डोनाल्ड हे रेल्वेचं विभागीय ठाणं होतं. वाफेचं इंजिन एका दमात साधारण दोनशे किलोमीटरच्या आतच चालवायचं, मग बदलायचं, अशी तेव्हाची रीत होती. त्यामुळे ठरावीक अंतरांवर इंजिनघर, दुरुस्तीची शेड, कोळशाचा साठा आणि गाडीवरच्या माणसांची राहण्याची सोय लागे. डोनाल्डच्या पश्चिमेला लगेच सेल्कर्क पर्वतरांग आणि रॉजर्स खिंडीचा चढ, म्हणून ठाण्याची जागा सोयीची होती. पण गावात शेती नव्हती, खाण नव्हती, मोठी बाजारपेठ नव्हती. दुकानं, हॉटेलं, शाळा, चर्च, सगळं रेल्वेच्या पगारावर चाले. ठाणं हललं की गाव संपणार, हे उघड होतं.

सेंट पीटर्स १८८७ मध्ये उभं राहिलं. न्यू वेस्टमिन्स्टरचे पहिले बिशप ॲक्टन सिलिटो यांनी त्याचं समर्पण केलं. त्यांचा डायोसीस, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतला धर्मप्रांत, १८७९ मध्ये स्थापन झाला होता आणि ब्रिटिश कोलंबियाच्या मुख्य भूमीचा सगळा दक्षिण भाग त्यात येई. बिशपांची गादी किनाऱ्याजवळ, डोनाल्डपासून रेल्वेने सातशेहून अधिक किलोमीटरवर. हे अंतर पुढे महत्त्वाचं ठरलं.

१८९७ चा निर्णय

१८९७ मध्ये रेल्वेने ठाणं पश्चिमेला, कोलंबिया नदीच्या दुसऱ्या पुलापाशी, रेव्हलस्टोक इथे नेण्याचं ठरवलं. कारण नकाशातच दिसतं. रेव्हलस्टोकहून दक्षिणेला ॲरो सरोवरांकडे फाटा गेला होता आणि सरोवरांवरून बोटीने कूटनी भागातल्या चांदीच्या खाणींपर्यंत पोचता येत होतं. डोनाल्डहून असा कुठेच फाटा नव्हता. रेव्हलस्टोकच्या जमिनीवरून सर्वेक्षक फार्वेल आणि रेल्वे यांच्यात जुना वाद होता. सुरुवातीच्या वर्षांत डोनाल्डचं महत्त्व टिकलं, त्यात या वादाचाही हात होता.

ठाणं हलायचं म्हणजे माणसं हलायची. माणसांबरोबर घरंही हलायची, कारण ती लाकडाचीच होती आणि कामगार जिथे जाणार तिथे घरांची टंचाई असणार हे सगळ्यांना माहीत होतं. चर्चही रेव्हलस्टोकला न्यायचं असं ठरलं होतं. हा तपशील कायम ध्यानात ठेवायला हवा. त्या चर्चला डोनाल्डमध्ये भवितव्य नव्हतंच. ते उतरवलं जाणारच होतं. प्रश्न एवढाच की ते जाणार कुठे.

डोनाल्डचे एक व्यापारी रूफस किम्प्टन यांनी रेव्हलस्टोकला जायचं नाही असं ठरवलं. ते पत्नी सेलिना यांच्यासह दक्षिणेला विंडरमिअरला गेले. सेलिनाबाईंचा त्या चर्चवर जीव होता आणि विंडरमिअरला अँग्लिकन चर्च नव्हतं. रेव्हलस्टोकची माणसं न्यायला येण्याआधीच किम्प्टन यांनी चर्च उतरवून घेतलं. आधी ते रेल्वेने गोल्डनला आणलं, तिथून तराफ्यावर घालून नदीने वर विंडरमिअरला नेलं. कथेचा गाभा एवढाच.

चर्च वजनाला किती?

दगडी चर्च पळवता येत नाही. लाकडी चर्च पळवता येतं, याचं साधं कारण वजन. त्या काळच्या लहान चर्चचं एक सर्वसाधारण माप गृहीत धरून हिशेब करून पाहू. हे सेंट पीटर्सचं मोजमाप नाही, फक्त आवाका समजावा म्हणून घेतलेलं आहे.

समजा सभागृह २० फूट रुंद आणि ४० फूट लांब आहे, भिंती १२ फूट उंच आहेत आणि छप्पर उभट आहे. भिंतींना बाहेरून एक इंची फळ्या, आतून तशाच फळ्यांचं अस्तर. दोन्ही मिळून साधारण ३,४०० चौरस फूट. छपराखालच्या फळ्या सुमारे १,५०० चौरस फूट. जमीन ८०० चौरस फूट. एवढ्या एक इंची फळ्यांचं लाकूड होतं पावणेपाचशे घनफूट. सांगाड्यात दोन बाय चार इंचांचे उभे दांडे, ज्यांना तिकडचे सुतार स्टड म्हणतात, सोळा इंचांवर एक असे सुमारे ९०. जमिनीखाली दोन बाय आठच्या तीसेक कड्या. छपराला दोन बाय सहाचे चाळीस-बेचाळीस वासे. यांचं लाकूड जेमतेम दोनशे घनफूट. एकूण पावणेसातशे घनफूट. डग्लस फर, स्प्रूस, सीडर अशा वाळलेल्या मऊ लाकडाचं वजन सरासरी ३० पौंड प्रति घनफूट धरलं, तर सगळं चर्च नऊ टनांच्या आसपास भरतं. खिडक्या, दारं, बाकं आणि वेदी धरून दहा-अकरा टन.

त्या काळच्या मालगाडीच्या एका सपाट डब्याला हा भार जड नव्हता. नदीतल्या एका बऱ्यापैकी तराफ्यालाही नव्हता. शिवाय यातला एकही तुकडा असा नाही की जो दोन माणसांना उचलणार नाही. क्रेन नको, कप्पी नको. पहारी, हातोडे, करवत आणि चार सुतारांची दोन-तीन आठवड्यांची मजुरी, एवढ्यावर काम होतं.

अपवाद फक्त घंटेचा. ती ६०० पौंडांची, म्हणजे सुमारे २७० किलोंची होती. तिचा विषय पुढे.

उतरवण्याचा क्रम, आणि त्यात काय बिघडतं

जुना वाडा उतरवताना आपल्याकडे तुळया-खांबांवर नंबर घालतात आणि कूस-भोक, म्हणजे एका तुकड्याचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली जोडणी, सोडवून तुकडे सुटे करतात. अमेरिका-कॅनडातल्या १८८० च्या दशकातल्या सांगाड्यात मात्र कूस-भोक जवळजवळ नसतंच. सगळी जोडणी खिळ्यांवर असते. त्यामुळे उभारणी झटपट होते, पण उतरवताना सगळी कसोटी खिळा काढण्याचीच.

क्रम उभारणीच्या बरोबर उलटा. आधी आतलं सामान आणि खिडक्या. काचेच्या चौकटी आडव्या रचल्या की वाटेत हमखास फुटतात. त्या कडेवर उभ्या ठेवायच्या, मधे वाळलेलं गवत भरायचं आणि वर खिळे ठोकून पेटी बंद करायची. मग आतलं अस्तर. ते आधी काढलं की बाहेरच्या फळ्यांच्या खिळ्यांपर्यंत मागून पोचता येतं. मग छप्पर. सीडरचे शिंगल, म्हणजे कौलांसारख्या लाकडी चिपा, वाचवायला जाऊ नये. काही वर्षं ऊन-पाऊस खाल्लेला शिंगल खिळा काढताना उभा चिरतो, आणि नवे शिंगल जुने सोडवण्याच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडतात. त्याखालच्या फळ्या मात्र जपायच्या. मग वासे, मग वरून खाली बाहेरच्या फळ्या, मग स्टड, शेवटी जमीन.

१८८७ च्या सुमाराचे खिळे बहुधा लोखंडी पत्र्यातून कापलेले, निमुळते आणि चौकोनी असत. गोल तारेचे खिळे १८९० च्या दशकात सगळीकडे पसरले. चौकोनी खिळा लाकडाचे तंतू दाबून धरतो, त्यामुळे पकड घट्ट. पण निमुळता असल्यामुळे एकदा का पाव इंच सरकला की उरलेला सहज निघतो. म्हणून घाईने पहार घालून फळी उचकटायची नाही. मागच्या बाजूने, खिळ्याच्या अगदी जवळ, लाकडी ठोकळा धरून हातोडा मारायचा. फळी थोडी पुढे येते. मग फळीलाच पुढून थापटून मागे बसवायचं, की खिळ्याचं डोकं वर राहतं. तेवढं डोकं हातोड्याच्या पंज्यात पकडून ओढायचं. पहारीने उचकटलेली फळी जवळजवळ नेहमी टोकाला फाटते.

फाटलेलं टोक कापावं लागतं आणि इथे पुढची अडचण जन्माला येते. प्रत्येक फळी दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंच आखूड झाली, तर नव्या जागी ती मूळच्या स्टडपर्यंत पोचत नाही. उपाय दोनच. एकतर स्टड जवळ घ्यायचे, म्हणजे इमारत जरा आखूड होते. नाहीतर कोपऱ्यांच्या उभ्या पट्ट्या रुंद लावून फट झाकायची. हलवलेल्या लाकडी इमारतीत कोपऱ्यांच्या पट्ट्या गरजेपेक्षा रुंद दिसल्या तर त्यामागे बहुधा हेच असतं.

नंबर घालण्याचं कामही दिसतं तेवढं सोपं नाही. सगळ्यांना नंबर घालण्यात वेळ जातो आणि तो वाया जातो, कारण एक स्टड दुसऱ्याच्या जागी चालतो. नंबर लागतो तो तिरक्या कापलेल्या तुकड्यांना. दर्शनी त्रिकोणातल्या फळ्या, वाशांच्या जोड्या, टोकदार कमानीच्या खिडक्यांच्या चौकटी आणि वेदीकडच्या कमानीचे तुकडे. खडूचा नंबर पहिल्या पावसात जातो. पटाशीने मागच्या बाजूला कोरलेली रोमन खूण टिकते. पटाशीने सरळ रेघाच मारता येतात, म्हणून युरोप-अमेरिकेतले सुतार रोमन आकडे वापरत आले.

तळच्या तुळया, ज्यांच्यावर सगळे स्टड उभे असतात, बहुतेक वेळा जागेवरच सोडाव्या लागतात. जमिनीलगतचा ओलावा त्यांनाच आधी खातो. त्या नव्या जागी नव्याने कापाव्यात, हे बरं.

नदीचा रस्ता

डोनाल्ड ते गोल्डन हा टप्पा रेल्वेचा आणि छोटा. खरा प्रवास पुढचा. कोलंबिया नदी कॅनाल फ्लॅट्सजवळच्या सरोवरात उगम पावते आणि विंडरमिअर सरोवरातून उत्तरेला गोल्डनकडे वाहते. म्हणजे चर्च प्रवाहाच्या उलट दिशेने वर न्यायचं होतं. सुदैवाने या पट्ट्यात नदीला उतार फार थोडा आहे. पाणथळ जमिनीतून ती फाटत, वळत, संथ जाते. म्हणूनच तिथे मागे चाक असलेल्या, उथळ बुडाच्या आगबोटी चालू शकल्या. १८८६ मध्ये कॅप्टन फ्रँक आर्मस्ट्राँग यांनी ‘डचेस’ ही बोट या पाण्यात उतरवली. पुढची पंचवीस-तीस वर्षं खोऱ्याचा सगळा माल याच वाटेने गेला.

संथ पाण्याचे त्रास वेगळे. वाळूचे दांडे दरवर्षी जागा बदलतात, खोल धार कुठून जाते हे गेल्या वर्षीच्या आठवणीवर सांगता येत नाही. बर्फ वितळून नदी फुगते ती जून-जुलैमध्ये. उन्हाळा सरत आला की पाणी उतरतं आणि भरलेला तराफा रुततो. हिवाळ्यात नदी गोठते. दहा टनांचा तराफा पोचवायचा तर उन्हाळ्याचा पूर्वार्धच बरा.

लाकूड तराफ्यावर रचतानाही अक्कल लागते. फळ्यांचे थर एकावर एक थेट ठेवले तर मधे पाणी साचून बुरशी धरते. थरांमधे आडव्या काठ्या घालून हवा खेळती ठेवायची. जड कड्या तळाला, फळ्या वर. खिडक्यांच्या पेट्या सर्वांत वर, पण तराफा ओढणाऱ्या बोटीच्या धुराड्याच्या ठिणग्यांपासून दूर.

गोल्डनचा धक्का आणि घंटा

गोल्डनला माल रेल्वेतून उतरवून तराफ्यावर चढवायचा होता. अशा ठिकाणी माल काही काळ धक्क्यावर पडून राहतोच. तिथेच घंटा गायब झाली. गोल्डनच्या काही मंडळींनी ती तराफ्यावरून उचलली आणि त्यांच्या सेंट पॉल्समध्ये पोचवली. ती आजतागायत तिथेच आहे.

चोरांनी घंटाच का नेली, याचं उत्तर वरच्या हिशेबात आहे. फळ्यांच्या ढिगाऱ्यातून दोन फळ्या नेऊन कुणाचं काही होत नाही. सुटी केलेली इमारत म्हणजे नुसतं लाकूड. घंटा मात्र एकटीच पूर्ण वस्तू असते. दुसऱ्या कुठल्याही चर्चमध्ये ती त्याच दिवशी वाजू शकते. त्यातून अशी मोठी घंटा या मुलखात बाहेरून मागवावी लागे, तिचं भाडं आणि वाट पाहणं दोन्ही जड. इमारत हलवताना घंटा आणि पवित्र पात्रं वेगळी बांधून माणसाच्या पहाऱ्याखाली न्यावीत, असं जुने लोक सांगतात ते उगाच नाही.

विंडरमिअरला पुन्हा उभारणी

विंडरमिअरला चर्च पुन्हा उभं राहिलं आणि आजही तिथेच आहे. अशा पुनर्उभारणीत तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली दिशा. अँग्लिकन परंपरेत वेदी पूर्वेकडे असावी असा संकेत आहे. जागा रस्त्याला तिरकी असेल तर दिशा पाळायची की दर्शनी बाजू रस्त्याकडे करायची, हा निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण पाया एकदा घातला की बदलत नाही.

दुसरी पाया. थंड मुलखात जमीन गोठते तेव्हा फुगते आणि वरचं बांधकाम उचलते. गोठण्याच्या खोलीखाली न गेलेले दगडी किंवा लाकडी ठोकळे दर हिवाळ्यात थोडे थोडे हलतात. एक कोपरा वर, दुसरा खाली. मग दारं अडतात, कमानीच्या खिडक्यांत काचा तडकतात.

तिसरी छपराचा जोर. उभट छपराचे वासे भिंतींना बाहेर ढकलतात. घराला माळ्याची जमीन हा जोर पकडून धरते. चर्चला माळा नसतो, आतून छप्पर उघडं हवं असतं. म्हणून वाशांना आडवा ताण देणारी पट्टी किंवा लोखंडी गज लागतो. पुन्हा जोडताना जुन्या भोकांतून खिळे सैल बसले तर हा ताण पहिल्याच मोठ्या बर्फात सुटतो. जुन्या भोकांशेजारी नव्या जागी खिळे ठोकावेत.

या शेवटच्या सवयीमुळेच हलवलेली इमारत नंतर ओळखता येते. गोल खिळ्यांशेजारी चौकोनी रिकामी भोकं, फळीवर जुन्या रंगाची सावली जिथे आता कुठलीच पट्टी नाही, सुताराच्या खुणांचा क्रम मधेच तुटलेला. कागद हरवले तरी लाकूड एवढं सांगतं.

विंडरमिअर लाकडाला मानवलं, असं म्हणायला आधार आहे. रेव्हलस्टोक दमट, प्रचंड बर्फाचं गाव. विंडरमिअर पर्वतांच्या पर्जन्यछायेत, कोरडं, विरळ पाइन-फरच्या जंगलाचं. लाकूड कुजायला ओलावा लागतो. तळच्या तुळया आणि छप्पर विंडरमिअरला निश्चितच कमी सोसतात. किम्प्टन यांनी हा विचार केला असेल असं नाही, पण इमारतीच्या दृष्टीने त्यांची चोरी फायद्याची झाली.

देखभालीची जोखीम आता वेगळी आहे. क्वचित उघडणारं चर्च थंडीत बंद राहतं आणि उपासनेपुरतं दोन तास तापवतात. माणसांच्या श्वासातली वाफ गार भिंतीत शिरते. बाहेरून हवाबंद प्लास्टिक रंग दिला असेल तर ती वाफ रंगाखाली अडकते, रंग पापुद्र्याने सुटतो आणि फळी मागून कुजते. जुन्या लाकडाला वाफ जाऊ देणारा रंगच हवा. जुना थर खरवडण्याआधी त्यात शिसं आहे का ते तपासायचं, कारण त्या काळचा पांढरा रंग बहुधा शिशाचाच असे.

मग ही चोरी होती का?

समर्पित अँग्लिकन चर्च कुणा एका सभासदाचं नसतं. समर्पण होतं तेच मुळी कर्ज फिटल्यावर, आणि त्यानंतर इमारतीबाबतचा कुठलाही मोठा फेरफार बिशपांच्या परवानगीने व्हावा अशी रीत आहे. वर्गणी देणाऱ्याचा मान असतो, हक्क नसतो. या कसोटीवर किम्प्टन यांना चर्च हलवण्याचा अधिकार नव्हता. रेव्हलस्टोकच्या मंडळींची तक्रार रास्तच होती.

पण ज्यांनी अडवायचं ते होते कुठे? सिलिटो १८९४ मध्ये वारले होते. त्यांच्यानंतर आलेले बिशप जॉन डार्ट किनाऱ्यावर. आणि नेमका त्याच सुमारास कूटनीचा भाग त्यांच्या डायोसीसपासून वेगळा निघत होता. १८९९ मध्ये कूटनी डायोसीस झाला, तरी १५ वर्षं त्याला स्वतःचा बिशप नव्हता, डार्ट आणि त्यांच्यामागून आलेले बिशपच दोन्ही सांभाळत. डोनाल्डची मंडळी तर पांगलीच होती. उलट बाजूला किम्प्टन जागेवर होते, पैसे होते, सुतार होते. कागदावरचा मालक सातशे किलोमीटरवर आणि हातोडा शेजारी, अशा वेळी काय होतं ते इथे दिसतं. उभं राहिलेलं चर्च पुन्हा उतरवून रेव्हलस्टोकला नेण्याचा खर्च नव्या चर्चइतकाच आला असता, हेही खरं.

घंटेचा दावा त्याहून गुंतागुंतीचा. विंडरमिअरने ती मागायची तर आधी स्वतःचं चर्च कुठून आलं ते सांगावं लागतं. रेव्हलस्टोकने मागायची तर त्यांच्याकडे ती टांगायला ते चर्चच नाही. आणि ही तिन्ही गावं आज कूटनी या एकाच डायोसीसमध्ये येतात.